झिजणारा रंग

हंगाम संपल्यावर पाण्याबाहेर काढलेल्या एका छोट्या शिडाच्या बोटीच्या बुडावर सहा चौकोन दिसले आणि ते मनातून जाईनात. बाकीचं बूड बरंच स्वच्छ होतं. करड्या-हिरव्या बुळबुळीत थराचं एक पातळ आवरण, ओल्या हाताने पुसलं तरी निघेल एवढंच. पण दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी, तळहाताहून थोडे मोठे, कडा पट्टीने आखाव्यात इतक्या सरळ, असे बार्नेकलचे, म्हणजे घट्ट चिकटून राहणाऱ्या कवचाच्या समुद्री प्राण्यांचे, चौकोन. पांढरी शंकूसारखी घरं एकमेकांना खेटून, काही तर एकमेकांच्या पाठीवर चढलेली, आणि ऊन लागताच त्यांतून यायला लागलेला तो खारट, कुजका वास. या चौकोनांच्या मापाच्या वस्तू शेजारीच उभ्या होत्या. जमिनीवर बोट तोलून धरायला जे लोखंडी टेकू लावतात, त्यांच्या डोक्यावरच्या लाकडी गाद्या. मागच्या वेळी अशी वाढ रोखणारा अँटिफाउलिंग रंग देताना बोट या गाद्यांना टेकलेली होती, गादीखालची जागा रोलरला मिळाली नाही, आणि समुद्राने नेमकी तीच उचलली. आजूबाजूला बोटभरही सांडलवंड नाही. राहून गेलेलं काम इतक्या काटेकोर हद्दीसह दाखवून देणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

त्याचा उपाय साधा आहे, फक्त वेळेत आठवावा लागतो. पाण्यात उतरवण्याच्या एक-दोन दिवस आधी टेकू सरकवायचे. नवा टेकू शेजारी बसवायचा, त्याच्यावर भार आल्याची खात्री करायची, मगच जुना सैल करायचा, आणि हे एका वेळी एकाच टेकूचं. हे काम यार्डातल्या जाणत्या माणसाचंच. रंगाने माखलेल्या हातात पाना घेऊन मालकाने एकट्याने करायचं नाही. कीलच्या, म्हणजे बुडाखालच्या जड कण्याच्या, तळव्याचं दुखणं असंच. बोटीचं सगळं वजन त्याच्यावर असतं, त्यामुळे तो रंगवता येतो तो बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असताना. त्या वेळी घाईने एक हात मारून बोट पाण्यात सोडली तर तो ओला हात फारसा टिकत नाही. रात्रभर पट्ट्यांत ठेवायची सोय होत असेल तर ती आधीच ठरवून घ्यावी.

पाण्यात कुठलीही कोरी वस्तू सोडली की तिच्यावर राहायला येण्याची रांग लगेच लागते. पहिल्या काही मिनिटांत पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंचा न दिसणारा पापुद्रा बसतो, काही तासांत जिवाणू, मग डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ. हाताला बुळबुळीत लागतो तो हा थर. त्यावर हिरव्या शेवाळाचे बीजाणू येतात, नळीत राहणारे किडे येतात, झुडपासारखे हायड्रॉइड, शिंपल्यांची पिल्लं आणि बार्नेकल. बार्नेकलची अळी सुरुवातीला पाण्यात खात-पीत, कात टाकत सहा अवस्था ओलांडते. त्यानंतरची तिची शेवटची अवस्था काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवर ती फक्त जागा शोधते. पुढच्या दोन स्पर्शिकांवर ती पृष्ठभागावर अक्षरशः चालते, टेकते, उचलते, पुन्हा टेकते. आपल्या जातीच्या मोठ्यांचा माग लागला तर तिथेच रेंगाळते. जागा पसंत पडली की डोक्याकडून चिकटते आणि उरलेलं आयुष्य तिथेच, पाय वर करून, पायांनी अन्न ओढून घेत काढते. चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्यांवर घालवली. पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर घट्ट होणारा त्यांचा गोंद पाहिला की त्याला इतकी वर्षं का लागली असतील ते कळतं. ज्या प्राण्याला आपण पत्तीने खरवडून टाकतो त्याच्याबद्दल इतकं कौतुक मनात असणं अवघडच आहे, पण ते आहे.

आणि तरी खरवडावं लागतं. मंद वाऱ्यात शिडाची बोट कमी वेगाने चालते, तेव्हा तिच्या वाटेतला बहुतेक अडथळा बुडाला घासणाऱ्या पाण्याचा असतो. लाटा उठवण्यात जाणारी ताकद त्या वेगाला थोडीच असते. म्हणून वाढ झालेलं बूड सगळ्यात आधी हलक्या वाऱ्यात जाणवतं. शिडं बरोबर ताणलेली, वाऱ्याचा कोन बरोबर, आणि बोट मात्र जागची हलायला तयार नाही. वळण घेताना वेग इतका पडतो की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्यातून पलीकडे जाता जाता अडते. सुकाणूवर खरबरीत वाढ असेल तर ते लवकर पकड सोडतं. हे सगळं हळूहळू, रोज थोडं थोडं होतं, आणि त्यामुळे पुष्कळदा दोष वाऱ्याला दिला जातो.

लाकडी जहाजांच्या काळी यावर सापडलेला खरा उपाय म्हणजे तांबं. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला प्रयोग म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. वाढ थांबली, लाकूड पोखरणारे किडे थांबले, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात कुजून गेले. दोन धातू, मध्ये खारं पाणी, की त्यातल्या जास्त क्रियाशील धातूचा बळी जाणार, हे गणित तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. पुढे 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हेच गणित उलटं वापरलं. तांबं झिजतं ना, मग त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडू. ते झिजतील आणि तांबं वाचेल. तसंच झालं. तांबं वाचलं. आणि वाचलेल्या त्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल दाटून आले.

तांबं पाण्यात विरघळत होतं, म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं.

ही गोष्ट पक्की डोक्यात बसली की अँटिफाउलिंग रंगाबद्दलचे निम्मे गोंधळ सुटतात. या रंगातला मुख्य पदार्थ क्युप्रस ऑक्साइड, तांब्याची लालसर भुकटी, आणि तिचं काम पाण्यात थोडं थोडं सुटत राहणं हे आहे. बाकी सगळा फरक ती कशी सुटते याचा. कडक रंगात राळेचा सांगाडा तसाच राहतो आणि तांबं आतून पाझरतं. वरच्या थरातलं तांबं संपलं की पोकळ टरफल उरतं, आणि दरवर्षी त्यावर नवा थर चढवत गेलं की काही वर्षांनी जाड पापुद्रे सुटायला लागतात. झिजणारा रंग अंगाच्या साबणाच्या वडीसारखा. पाणी वाहतं तसा वरचा थर निघून जातो, खालचं ताजं तांबं उघडं पडतं, आणि हंगामाच्या शेवटी थर पातळ झालेला असतो. सतत घासून काढणाऱ्या, शर्यतीच्या बोटींना कडक रंग सोयीचा. पाण्यातच राहणाऱ्या, सावकाश फिरणाऱ्या छोट्या बोटीला मी झिजणाराच सुचवेन. पण एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगत नाही. बोट महिनोनमहिने बांधलेली राहिली तर झिजणारा रंगही पुरेसा झिजत नाही. त्याला चालणारी बोट लागते.

तांब्याची भुकटी इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेत मिसळून देण्याचा प्रकार अनेक वर्षं टिकतो, पण तयारी अत्यंत काटेकोर लागते, आणि शेवटी वरची राळ घासून तांबं उघडं केलं नाही तर तो नुसता महागडा इपॉक्सी. सिलिकॉनचे निसरडे लेप विषाशिवाय काम करतात. वाढ बसते पण पकड धरू शकत नाही, बोट चालली की गळून पडते. ते लेप एका ओरखड्याने फाटतात, आणि नंतर त्यांच्यावर दुसरा कुठलाही रंग बसत नाही. अॅल्युमिनियमच्या बुडाला क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावायचाच नाही. ‘अलार्म’च्या खिळ्यांचं जे झालं तेच त्या पत्र्याचं होतं. तिथे इपॉक्सीच्या धडधाकट थरावर तांबंविरहित किंवा कॉपर थायोसायनेटचा, डब्यावर अॅल्युमिनियमसाठी चालतो असं लिहिलेला रंग. ओतीव लोखंडाच्या कीलवरही तांब्याचा रंग थेट नको. गंज चकचकीत धातूपर्यंत काढायचा, आणि पुन्हा तांबूस व्हायच्या आत, म्हणजे काही तासांतच, इपॉक्सी प्रायमर द्यायचा.

बोट वर आल्यावर पहिला तास सगळ्यात मोलाचा. थर ओला आहे तोवर दाबाच्या पाण्याने धुतला तर सरसर निघतो. वाळला तर सिमेंटसारखा होतो आणि मग दिवसभर पत्ती चालवावी लागते. पत्तीचे कोपरे आधी कानशीने गोल करून घ्यावेत, नाहीतर जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बुडाच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चरे पडतात. बार्नेकल उडवला तरी त्याचं चुन्याचं गोल बूड मागे राहतं. ते घासून काढल्याशिवाय त्यावर रंग देण्यात काही अर्थ नाही. पुढच्या हंगामात त्याच कड्यावर रंग सुटतो. जेलकोटवर फोड दिसतात का, तेही आत्ताच पाहायचं. नंतर रंगाखाली दिसणार नाहीत. मग 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, पण पाणी वापरूनच. कोरडं घासलेल्या जुन्या रंगाची धूळ विषारी असते, ती फुप्फुसात जाते आणि वाऱ्याने शेजारच्या बोटीवरही. मास्क, चष्मा, हातमोजे, अंगभर टाकाऊ कपडे, आणि बोटीखाली ताडपत्री. खरवडलेला कचरा पाण्यात ढकलणं हा तर सरळ अपराध आहे, कायद्याने असो वा नसो.

जुना रंग कोणता हे माहीत नसेल तर मध्ये जोड-प्रायमरचा एक हात द्यायचा. सगळं उतरवून जेलकोटपर्यंत गेलात तर इपॉक्सी प्रायमरचे चार-पाच हात, आणि शेवटच्या हातावर पहिला अँटिफाउलिंग नेमक्या वेळी. अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण अंगठ्याला रंग लागू नये, एवढीच ती वेळ. ती चुकली तर इपॉक्सी पूर्ण कडक होतो आणि पुन्हा घासावं लागतं. इतकं करूनही चुकलं तर पुढे रंग चादरीसारखा सोलून निघतो, आणि तेव्हा लोक रंगाला नावं ठेवतात.

किती रंग लागेल याचा हिशेब अंदाजाने करू नये. आधी रुंदी आणि पाण्यातली खोली यांची बेरीज, मग तिला पाण्याच्या रेषेवरच्या लांबीने गुणायचं. लांब कीलच्या बोटीला आलेल्या आकड्याचे पाऊण पट, बारीक खोल कीलच्या हलक्या बोटीला निम्मे. समजा रेषेवर 7.5 मीटर, रुंदी 2.8, खोली 1.6. म्हणजे 33, लांब कील असेल तर सुमारे 25 चौरस मीटर. एका लिटरमध्ये साधारण दहा चौरस मीटर होतात, डब्यावर नेमका आकडा असतो. दोन हातांना पाच लिटर, आणि जास्तीच्या कडांसाठी अर्धा-पाऊण लिटर वेगळा. हिशेबाचा रंग डब्यात उरला तर थर पातळ बसला असं समजावं. रोलरने रंग ताणत नेण्याची सवय भिंतीला चालते, इथे जाडी हीच मुदत असते. रोलर आखूड लवाचा, थिनर जवळपास शून्य. आणि ढवळणं! तांबं जड, ते तळाशी घट्ट बसतं. वरचा पातळ रंग लावला तर बुडावर नुसती राळ गेली. डबा आदल्या दिवशी उलटा ठेवावा, मग रुंद काठीने तळ खरवडत, तळाशी काहीच लागत नाही तोवर ढवळत राहावं, आणि काम चालू असतानाही मधूनमधून.

पहिला हात वेगळ्या रंगाचा द्यावा. काळ्याखाली लाल, निळ्याखाली पांढरट, काहीही. झिजून तो दिसायला लागला की त्या जागी एकच हात उरला हे कळतं. पाणी जिथे जोरात घासतं तिथे आणखी एक हात. नाळेची धार, कीलची पुढची कड, सुकाणूच्या दोन्ही कडा, आणि पाण्याच्या रेषेलगतचा वीतभर पट्टा. मास्किंग टेप प्रत्यक्ष रेषेच्या तीन ते पाच सेंटीमीटर वर लावावी, कारण सामान भरल्यावर बोट खाली बसते, लाटा वर चढतात, आणि तिथेच ऊन सगळ्यात जास्त असल्याने हिरवी दाढी उगवते. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप काढायची. रंग देताना बुडाचं तापमान दवबिंदूहून किमान तीन अंश जास्त हवं. संध्याकाळी पृष्ठभाग गार पडतो तेव्हा हात आवरते घ्यावेत. रंग सुकल्यापासून पाण्यात जाण्याची किमान मुदत असते तशी कमाल मुदतही असते. ती डब्यावर छापलेली असते आणि ती पाळावीच लागते.

मोठ्या सपाट भागाबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. तिथे रोलर आपोआप फिरतो. काळजी वाटते ती छोट्या, बोट घालून पाहाव्या लागणाऱ्या जागांची. बोट ढकलणारा इंजिनचा पंखा काशाचा, म्हणजे त्यात भरपूर तांबं, तरी त्याच्यावरच बार्नेकल दाटतात. असं का? कारण शाफ्टवरचा अॅनोड, म्हणजे त्याच्याऐवजी झिजणारा जस्ताचा तुकडा, त्याला झिजू देत नाही. डेव्हीने दोनशे वर्षांपूर्वी जहाजाच्या बुडावर जे केलं तेच आपण पंख्याशी दर हंगामात करतो, आणि करायलाच हवं, नाहीतर पंखाच खाल्ला जाईल. साधा बुडाचा रंग फिरत्या धातूवरून लवकर उडतो. म्हणून पंखा 80 नंबरच्या पेपरने चकचकीत करून, थिनरने तेलाचा अंश पुसून, नंतर हात न लावता, धातूला धरणारा प्रायमर आणि त्यावर सिलिकॉनचा निसरडा लेप. पात्यांच्या मुळाशी आणि मागच्या बाजूला विशेष लक्ष. मिटणाऱ्या पंख्याच्या बिजागरीत दोन-चार शिंपले बसले तरी तो अर्धाच उघडतो. पंख्यावर वाढ झाली की इंजिन पूर्ण फेऱ्यांना पोहोचत नाही, काळा धूर टाकतं, आणि शाफ्टच्या थरथरीने रबरी बेअरिंग झिजतं. त्या बेअरिंगच्या खाचांतून पाणी जातं का, तेही तारेने पाहावं.

अॅनोडवर रंग लावायचा नाही, एक थेंबही नाही. रंगवलेला अॅनोड म्हणजे नसलेला अॅनोड. निम्मा झिजला की बदलायचा. खाऱ्या पाण्यात जस्त, मचूळ पाण्यात अॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. इंजिनचा पाय बुडातून खाली उतरत असेल तर तो अॅल्युमिनियमचा असतो. त्याला तांब्याचा रंग नाही, आणि बुडाचा रंगही त्याच्या कडेपासून थोडा दूर थांबवायचा.

मग इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणारं छिद्र. बाहेरून बुडाशी सपाट दिसणाऱ्या या छिद्राच्या घशात अंधार, संथपणा आणि ताजं पाणी, बार्नेकलला हवं ते सगळं असतं. इंजिन भर समुद्रात तापतं तेव्हा पंप उघडला जातो, गाळणी उघडली जाते, आणि घसा मात्र कोणी पाहत नाही. बोट वर असताना सीकॉक, म्हणजे त्या छिद्राची झडप, उघडून लांब दांड्याचा बारीक ब्रश जाईल तिथवर आत रंग द्यावा, आणि तो सुकला की सीकॉक उघडझाप करून पाहावा. वेग मोजणारं इवलंसं चाक तर नुसत्या बुळबुळीत थरानेही अडकतं. बोट बांधून ठेवताना ते आत ओढून घेऊन जागी बूच बसवावं. बूच हातात धरूनच चाक ओढावं, कारण मधल्या क्षणात पाण्याचा कारंजा उसळतो. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या तोंडावर साधा रंग नको. द्रावक प्लास्टिक खातो आणि जाड थरातले हवेचे बुडबुडे आवाज अडवतात. त्याच्यासाठी मिळणाऱ्या पाणीमिश्रित रंगाचा एकच पातळ हात पुरे. सुकाणू आणि बूड यांच्यामधली फट, सुकाणूच्या बिजागऱ्या, कीलसारख्या, वर-खाली होणाऱ्या पात्याची पेटी, या ठिकाणी रोलर जात नाही. लाकडी पट्टीला फडकं गुंडाळून, रंगात बुडवून, आत फिरवावं लागतं. पेटीत वाढ झाली की पातं वर राहिलं तर वरच अडकतं आणि बोट आडवी वाहत जाते.

विषाबद्दल मनात जे टोचतं ते इथे लिहायला हवं. काही दशकं तांब्याबरोबर ट्रायब्युटिल टिन वापरलं जात होतं, आणि ते इतकं चांगलं चालायचं की लोक अजूनही हळहळतात. फ्रान्समधल्या आर्काशॉनच्या उपसागरात कालवांची पैदास त्याने कोलमडली, शिंपा जाड आणि वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. डॉग व्हेल्क या गोगलगाईच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर ते बंद केलं. 2001 चा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये लागू झाला. 2023 पासून सायब्युट्रिन हे शेवाळनाशकही त्याच करारात बंदीच्या यादीत आलं. तांबं अजून आहे. ते टिनाइतकं भयंकर नाही, पण निरुपद्रवीही नाही, आणि बंदिस्त पाण्यात शेकडो बोटी एकत्र बांधलेल्या असल्या तर ते तळाशी साठत जातं. म्हणून मला जास्त ताकदीचा रंग शोधण्याची स्पर्धा पटत नाही. दर वेळी ट्रेलरवर वर येणाऱ्या छोट्या बोटीला तर हा रंग लागतच नाही. गोड्या पाण्याने धुतली, वाळवली, झालं. नदीच्या मुखाशी गोड्या पाण्यात काही दिवस ठेवता आली तरी समुद्रातली पुष्कळशी वाढ मरते.

पाण्यातल्या बोटीचं बूड मधूनमधून पुसावं, पण मऊ स्पंजाने आणि थर अजून बुळबुळीत असताना. पाण्यात रंगाचा ढग दिसला तर हात जड पडतोय, झिजणाऱ्या रंगाचे महिने आपण मिनिटांत घालवतोय. बार्नेकल टाचणीच्या डोक्याएवढे आहेत तोवर बोटाच्या नखाने उडतात. कवच जाड झाल्यावर ते रंगासकट निघतात. उन्हाच्या बाजूला शेवाळ आणि सावलीच्या बाजूला बार्नेकल जास्त दिसत असेल तर धक्क्याला बोट उलट तोंडाने बांधून पाहावी.

आणि बोट पुन्हा वर आली की पाण्याचा फवारा सोडण्याआधी दहा मिनिटं तिच्याभोवती फिरावं. खालचा रंग कुठे उघडा पडला, कुठे काय वाढलं, कुठली कड कोरी राहिली, हे सगळं बुडाच्या कच्च्या आकृतीवर पेन्सिलने खुणा करून ठेवावं, अॅनोड किती उरला तेही. हंगामभराचा हा तपशील फवारा एकदा फिरला की पुसला जातो. पुढच्या वेळी दोन हात कुठे आणि तीन कुठे, हे त्या कागदावरूनच ठरतं.